सातबाऱ्यात बसलेला साहेब

माळरान (धागाकर्ता)

पंधरा दिवसांपूर्वी गावी मोजणी होती. आमचा आणि चुलतभावाचा सामाईक बांध. दोन्हीकडून कोरत कोरत त्याची अशी अवस्था झालीय की शेळीसुद्धा त्यावरून नीट चालत नाही. कोणी जास्त कोरला हे विचारू नका, आमच्याही नांगराचा हात आहे त्यात.

भूकरमापक आला, रोव्हर उभा केला. आता उपग्रहावरून मोजतात, दोन तासांत काम. पण मशीन सुरू करण्याआधी त्याने पिशवीतून एक प्लास्टिकचा फोल्डर काढला, आणि त्यातून आमच्या सर्व्हे नंबरच्या जुन्या टिपणाची (पहिल्या मोजणीच्या मूळ नोंदीची) नक्कल. सगळी मोडीत. त्याला वाचता येईना, तलाठ्याला येईना (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडात अजून तलाठीच), आम्हा दोघांना तर नाहीच. तो म्हणाला, "अक्षरं राहू द्या, आकडे कळले की झालं." मग बोट ठेवून वाचलं : दोन साखळ्या, सात आणे.

साखळी म्हणजे ३३ फूट. तिचे सोळा आणे. म्हणजे ८० फूट आणि वर सव्वापाच इंच. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे सगळं शाळेत पाठ केलं होतं, पण ती लोखंडी साखळी कुणीतरी आमच्या पणजोबाच्या पणजोबासमोर या मातीवर ओढली होती हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. वर उपग्रह, हातात रोव्हर, आणि शेवटचा शब्द कुणाचा, तर त्या साखळीचा.

इंग्रजी राजवटीने काय मागे ठेवलं हा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट रेल्वे, इंग्रजी भाषा आणि कारकुनी वृत्तीवर जाते. मला वाटतं साहेब सगळ्यात घट्ट बसलाय तो सातबाऱ्यात.

थोडी पार्श्वभूमी. १८१८ला पेशवाई बुडाली. पुढच्या दशकात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा (जमिनीवरचा कर) ठरवला. कागदावर हिशेब चोख, शेतात मात्र रान ओस पडायला लागलं, लोक जमिनी टाकून निघाले. मग १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने सुरुवात केली. जमिनीची प्रत सोळा आण्यांत लावली, दर उतरवले आणि सारा ३० वर्षांसाठी बांधून दिला. हीच ती रयतवारीची, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घ्यायची, बंदोबस्त (सारा ठरवण्याची) पद्धत. टिपण, फाळणी, आकारबंद, सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड हे सगळं त्यातलं. आजचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. ते नमुने विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, अँडरसनच्या मॅन्युअलमधले. पुण्यात आजही जमाबंदी आयुक्त बसतात. पिकाचा अंदाज करून पैसेवारी लावतात तिला म्हातारी माणसं आणेवारीच म्हणतात, आणा १९५७ला गेला तरी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बरं झालं की, व्यवस्था लागली. थांबा.

मोजणीने जमिनीला मालक दिला आणि मालकाला ती गहाण टाकायची सोय दिली. दिवाणी कोर्टाने सावकाराला ती जप्त करायची सोय दिली. १८५९ला मुदतीचा कायदा आला, साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलावून नवा कागद करायला लागला, मागचं मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल. दामदुपटीचा, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा वर जाऊ नये हा जुना रिवाज कोर्टाच्या दारात गळून पडला. नंतर नेमलेल्या आयोगासमोर एक प्रकरण आलं, त्यात १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून जास्त व्याज लावलं होतं. मध्येच अमेरिकेत यादवी झाली, कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून सारा वाढला.

१२ मे १८७५. सुप्याचा आठवडी बाजार. लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. काय मागितलं? वह्या आणि कर्जखतं. ती चौकात आणून जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगावी तेच झालं. माणसं मारायचा उद्देश नव्हताच, कागद जाळायचा होता. अंगठा उठवून घेतलेल्या कुणब्याला वैरी कोण हे बरोबर कळलं होतं.

तर प्रश्न असा : तो कागद खरंच जळला का? तुमच्याकडचे अनुभव लिहा.

सडेतोड

लेख आवडला, निष्कर्ष अर्धाच पटला.

एक म्हणजे मोजणी साहेबाने आणली नाही. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्या चौरस तो बिघा, १२० बिघ्यांचा चावर. त्याआधी निजामशाहीच्या मलिक अंबरची मोजणी. दुसरं, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जायचे. जास्त बोली लावील तो मामलेदार, आणि मग तो वसूल कसा करायचा हे वेगळं सांगायला नको. त्या रयतेला विचारलं असतं की ३० वर्षं सारा वाढणार नाही असं लेखी देतो, चालेल का, तर तिने विंगेटला ओवाळलं असतं.

तिसरं, कागद नसता तर तुमचा बांध कुणी सांगितला असता? ज्याच्या हातात काठी तो. गावगुंडापुढे गरिबाची ढाल कागदच आहे. १९४७ला साहेब गेला. त्याला ऐंशी वर्षं होत आली. आजही फेरफार (उताऱ्यावरचा नावबदल) अडतो, नोंद होत नाही, तर त्याचं खापर विंगेटच्या माथी किती दिवस फोडणार?

चिंचगूळ

+१ सडेतोड. आमच्याकडे फेरफार अडवणारा साहेब गोरा नव्हता. असो.

माळरान

सडेतोड, मक्त्याचा मुद्दा मान्य. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांचं गुणगान मी करणार नाही, केलं तर आमचे पूर्वजच उठून बसतील.

पण बारकावा बघा. जुन्या अमलात सावकार होताच, कर्जही होतं. फरक असा की सावकाराला गावात राहायचं होतं. वसुलीला त्याच्या पाठीशी सरकार उभं नव्हतं, त्यामुळे कुणबी जगला तरच त्याचं पीक त्याच्या घरात येणार. पाटील, पंच, गोतसभा यांच्यापुढे त्याला तडजोड करावी लागे. इंग्रजी कोर्टात कुणब्याला बोलावणं जायचं तालुक्याच्या गावी. तो जायचाच नाही, किंवा पोचेपर्यंत एकतर्फी हुकूमनामा झालेला असायचा. हे मी म्हणत नाही, खुद्द विंगेटने १८५२ला लिहून ठेवलंय की आपल्या कायद्याने सावकाराच्या हातात रयत दिली. म्हणजे ज्याने घर बांधलं त्यालाच भिंतीतली चीर आधी दिसली.

१८७९ला डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांना. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, व्यवहाराच्या मुळाशी जायची मुभा न्यायाधीशाला मिळाली. वह्या पेटल्या नसत्या तर हे इतक्यात झालं असतं असं मला वाटत नाही.

आणि ढाल म्हणाल तर ढाल ज्याच्या हातात असते त्याची. फेरफाराची नोटीस वाचता येणारा गावात एकच असेल तर?

हाडवळा

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो.

सडेतोड, तुम्ही विचारलंत कागद नसता तेव्हा बांध कोण सांगायचं. आणि म्हणालात काठीवाला. नाही. महार सांगायचा. गावाची शीव, शेताची हद्द, यात तंटा झाला की महाराची साक्ष शेवटची धरत. पिढ्यान् पिढ्या शिवेवर राबलेला माणूस, त्याला दगड न् दगड ठाऊक. साखळी आली आणि त्या साक्षीची किंमत संपली. वेठ मात्र तशीच राहिली. सारा तालुक्याला पोचवायचा, साहेबाचा मुक्काम पडला की लाकूडफाटा आणायचा, सांगावे न्यायचे, मेलेलं ढोर ओढायचं.

१८७४ला वतनाचा, म्हणजे पिढीजात गावकामाचा, कायदा झाला. रूढीने चालत आलेली गुलामी साहेबाने कलमं पाडून छापली. जुन्या गोष्टीत हात घालायचा नाही असं म्हणत म्हणत त्याने ती पक्की केली. बदल्यात हाडकी-हाडवळ्याची (महार वतनाची) जमीन, ती तेवढीच, घरं वाढली तरी तेवढीच. बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात वतनाविरुद्ध विधेयक आणलं तेव्हा आपलेच काही लोक घाबरले होते, की आहे तो तुकडाही जाईल. वतनं गेली ती १९५८च्या कायद्याने. जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने.

आता आमचा सातबारा सांगतो. बारा गुंठे. वारस २३. वर ठळक 'भोगवटादार वर्ग २'. विकायचं, गहाण ठेवायचं, तर वरची परवानगी. शेजारच्या पाटलाच्या उताऱ्यावर वर्ग १. माझ्या मुलीने लहानपणी विचारलं होतं, बाबा आपण दुसऱ्या वर्गात का? तिला वाटलं शाळेतल्यासारखं, पुढच्या वर्षी वर जाऊ.

सडेतोड

हाडवळा, यावर माझ्याकडे उत्तर नाही. काठीवाल्याचं विधान मागे घेतो.

पालावरून

तुम्ही सातबाऱ्यात साहेब शोधताय, आमच्याकडे सातबाराच नाही. :)

आमचा कागद वेगळा. १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा. आधी उत्तरेत, १९११च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यातही. जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. कल्पना करा, मूल पाळण्यात आहे आणि नोंदवही तयार आहे. ठराविक वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत होती, तिथली माणसं गिरणीत कामाला जात आणि परत कुंपणात येत. तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. रिक्षावाल्याला सांगून बघा.

साहेबाला आमची भीती का वाटली? फिरणारा माणूस साऱ्याच्या वहीत बसत नाही म्हणून. माळरान म्हणतात त्याच वहीची ही दुसरी बाजू आहे. वडार, कैकाडी, बंजारा, पारधी यांची दगड फोडणं, टोपल्या विणणं, मीठ वाहणं, शिकार ही कामं होती. बैलांच्या तांड्यांवर चालणारा मालवाहतुकीचा धंदा रेल्वेने खाल्ला, शिकार जंगल कायद्याने बंद केली. मग उरलेल्या माणसाला विचारायचं, तू जगतोस कसा? चोरीच करत असशील.

३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला. आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण १९५९ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच, आणि गावात चोरी झाली की पहिली गाडी पालावर येते ती आजही.

आता खरी गंमत. पोराचा जातीचा दाखला काढायला गेलो. विमुक्त जातींना पुरावा लागतो २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीच्या वास्तव्याचा. एका कार्यालयात खिडकीतल्या माणसाने विचारलं, "आजोबांच्या नावचा घराचा, शेताचा काही उतारा?" म्हटलं साहेब, आजोबांना एका गावात तीन रात्री राहू देत नव्हते. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण कागद?" शेवटी कागद मिळाला. कुठे? जुन्या पोलीस नोंदीत. आजोबा गुन्हेगार होते हे सरकारने लिहून ठेवलं होतं, म्हणून नातू आज कॉलेजात आहे.

चिंचगूळ

पालावरून दादा, वरचं +१ परत घेते. शेवटची ओळ वाचून मोबाइल खाली ठेवला.

झाडीपट्टी

धाग्यात सगळं देशावरचं चाललंय, जरा पूर्वेला या. आमच्याकडे रयतवारी नव्हती. मध्यप्रांतात इंग्रजांनी १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाचं मालक करून टाकलं. वसुली करणारा मालक झाला. जंगल, पडीक, तळी सगळं त्याच्या नावे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथली तळी बघितली असतील. ती साहेबाने बांधली नाहीत, मालगुजारांनीही थोडीच. बहुतेक कोहळी लोकांनी, गोंड राजांच्या काळापासून. गावाने गाळ काढायचा, पाळ (तळ्याचा बांध) बांधायची, पाण्याची वाटणी ठरवायची. बंदोबस्तात तळं मालगुजाराचं झालं तरी गावाचा त्यावरचा वापर टिकला. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तळी सरकारजमा झाली. तेव्हापासून त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव', थोडक्यात मामा तलाव. नाव ऐकून बाहेरच्याला वाटतं कुणाच्या तरी मामाने बांधलाय.

आमच्या गावच्या मामा तलावात आता निम्मं बेशरमाचं तण वाढलंय. गाळ कोणी काढायचा? गाव म्हणतं तळं सरकारचं, एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवतं. माझा आजा सांगायचा, पाळ फुटली की रात्री डफडं वाजायचं आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन निघायचा. आता पाळ फुटली की अर्ज निघतो. सडेतोड विचारतात ऐंशी वर्षं काय केलं. रास्त आहे. पण जे मोडलं ते सारा देण्याची सवय नव्हती, ती फावडं घेऊन निघण्याची होती. ती कुठल्या ठरावाने परत येते ते सांगा.

वऱ्हाडकरांनी कापसाबद्दल लिहावं. मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे कापसासाठीच होती, एवढंच आठवण म्हणून.

मांडवीकाठ

गोंयातून नमस्कार. आमचा साहेब वेगळा आणि मुक्कामही मोठा, १५१० ते १९६१.

तुमचा सातबारा, आमचा एक-चौदाचा उतारा. तो मात्र पोर्तुगीजांचा नव्हे, मुक्तीनंतर १९६८चा महसूल कायदा आला, मग सत्तरच्या दशकात सर्व्हे झाला. त्यांनी केलं ते दुसरंच. आमची गांवकरी त्यांच्या आधीची. शेतं, बांध, मानशी (खाडीच्या पाण्याची दारं) गावाच्या सामाईक, दरवर्षी पावणी (लिलाव) करून कसायला द्यायची, देवळाचा आणि बांधाचा खर्च काढून उरलेलं गांवकारांत वाटायचं. १५२६ला अफोंसो मेशियाने या रिवाजांची सनद लिहून काढली. लिहिलं म्हणजे मान्य केलं असं वाटेल, पण त्या घटकेपासून गांवकरी राजाच्या मर्जीची झाली. नाव पडलं कोमुनिदाद. देवळं मोडली तेव्हा त्यांच्या जमिनी कुठे गेल्या हा स्वतंत्र धागा होईल, इथे नको.

आणखी एक. १८६७ची पोर्तुगीज दिवाणी संहिता इथे १८७०ला लागू झाली. लग्न झालं की सामाईक मिळकतीत नवराबायको निम्मे-निम्मे. घर विकायचं तर दोघांच्या सह्या. मुलीला वारशातून काढून टाकता येत नाही. आईच्या सहीशिवाय बाबांना काजूची बाग विकता आली नव्हती, म्हणून ती आज आहे. ते गेले हे बरंच झालं, आणि बाग राहिली हेही बरंच झालं.

सडेतोड

मांडवीकाठ, म्हणजे साहेबाची एक तरी गोष्ट चांगली निघाली. :)

रानजाई

त्या सह्यांवरून. आमच्याकडे वडील गेले तेव्हा फेरफाराला आम्हा दोघी बहिणींची नावं लागली, आणि तेराव्यानंतर भावाने हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. कायद्याने हिस्सा आहे, १९९४पासून महाराष्ट्रात, २००५पासून देशभर. पण माहेर हवं असेल तर सही कर, असं कुणी बोललं नाही, सगळ्यांना कळलं. मी केली. धाकटीने नाही केली, तिचं माहेर बंद आहे. यात कुठलाच साहेब नव्हता. हे आपल्या घरचं. कागदावर सगळं ढकलू नका एवढंच.

माळरान

रानजाई, खरंय. तुमची पोस्ट वाचून मी आमचा आठ-अ (खात्याचा उतारा) काढून बघितला. आत्यांची नावं नाहीत. तिघी होत्या. हक्कसोड कधी झालं, झालं की नाही, हे विचारायला आता एकच आत्या उरलीय, तिला फोन करणार आहे. काय विचारायचं हे अजून ठरत नाहीये.

हाडवळा आणि पालावरून, तुमच्या पोस्टी वाचल्यावर माझा मूळ लेख बांधावर बसून लिहिल्यासारखा वाटतो. मी कागदात अडकलेल्यांचं लिहिलं, कागदाबाहेर ठेवलेल्यांचं सुचलंच नाही.

सुप्यातल्या लोकांनी सावकाराच्या वह्या जाळल्या, पण हद्दीचे दगड उपटले नाहीत, हेही आता खटकतंय. खरं तर का उपटतील? दगड त्यांना हवेच होते.

मोजणीचं विचारलंत काही जणांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून). परवा क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, आली. टिपणाप्रमाणे आमच्या बाजूने दोन आण्यांची पट्टी चुलतभावाची निघते, म्हणजे चार फुटांच्या आसपास. बांधाच्या टोकाची चिंच, जिच्याखाली आम्ही दोघं सूरपारंब्या खेळलो, ती आता पूर्ण त्याच्या हद्दीत. त्याला फोन केला, म्हटलं दगड रोवायला कधी येऊ. तो म्हणाला, "आधी तुझा हरभरा निघू दे, मग बघू. आणि मोडी वाचणारा कुणी मिळतो का बघ, त्या कागदावर खाली दोन ओळी काय लिहिल्यात ते कळलं पाहिजे."

तर इथे कुणी मोडी वाचतं का? फोटो टाकतो.